नव्या गड्याला मराठी शिकवू, किल्ली कमरेलाच ठेवू

बारामतीला भिगवण रस्त्यावर माझं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. मूळ गाव इंदापूर तालुक्यात, सणसरजवळ. वीस-बावीस वर्षं दिवसभर एकच काम करतोय. समोरचा माणूस मराठीत सांगतो, ते मी यंत्राच्या गळी उतरवतो. पीकविमा, शिष्यवृत्ती, उत्पन्नाचा दाखला, अकरावीचा प्रवेश, पेन्शनवाल्यांचा हयातीचा दाखला. सांगणाऱ्याची मराठी कधी माळेगावची असते, कधी पळसदेवची, कधी बीडकडून ऊसतोडीला आलेल्या मुकादमाची. यंत्राची मराठी मात्र कुठल्याच गावची नसते, आणि अलीकडं ती फार भराभर बोलायला लागली आहे. म्हणून चार गोष्टी सांगाव्याशा वाटल्या. मी भाषातज्ज्ञ नाही, मास्तर नाही. पण काउंटरच्या अलीकडं बसून जे दिसतं, ते फळ्यापुढं उभं राहून दिसतंच असं नाही.

मागच्या पावसाळ्यात एक मुलगी वडिलांबरोबर शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला आली. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता अकरावी सायन्स. नंबर येईपर्यंत ती मोबाइलवर जीवशास्त्राचा धडा बघत होती. शिकवणाऱ्या बाई हिंदीत बोलत होत्या आणि खाली मराठी अक्षरं आपोआप उमटत होती. मध्येच ती थांबली आणि मला म्हणाली, "काका, इथं लिहिलंय की पेशी आकुंचन पावल्या की हात हलतो. म्हणजे सगळ्याच पेशी आकुंचन पावतात का?"

मी दोनदा मागं नेऊन ऐकलं. बाईंचं काहीच चुकलं नव्हतं. हिंदीत पेशी म्हणजे आपला स्नायू. आपल्या पुस्तकात जिला पेशी म्हणतात, तिला हिंदीत कोशिका म्हणतात. यंत्रानं वाक्य मराठी केलं, क्रियापदं नीट बसवली, आणि तो एक शब्द जसाच्या तसा पुढं ढकलला. वरून बघितलं तर शुद्ध मराठी. आत धडा उलटा झालेला. मुलगी हुशार म्हणून अडली. तिच्या जागी दुसरं कोणी असतं तर तसंच लिहून घेतलं असतं आणि परीक्षेत गुण गेल्यावर नशिबाला दोष दिला असता. वडील एवढंच म्हणाले, "मग हे शिकवतंय का चकवतंय?"

दोन्ही करतं, हे खरं उत्तर. दुसरा एक प्रसंग हसण्यावारी नेता येण्यासारखा. एकजण क्लासची जाहिरात छापायला घेऊन आला होता, हिंदीवरून यंत्रानं मराठी केलेली. वर मोठ्या अक्षरांत, ‘आता आपल्या मुलांना घरबसल्या दर्जेदार शिक्षा’. मी म्हटलं, साहेब, पालक येतील हो, पण छडी कुठल्या लाकडाची ते विचारतील.

हे यंत्र म्हणजे घरी ठेवलेला नवा गडी आहे, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो. तरतरीत आहे. रात्री-अपरात्री हाक मारली तरी हजर. कुठल्या कामाला नाही म्हणत नाही, आणि ‘मला येत नाही’ असंही सहसा म्हणत नाही, ही त्याची मोठी खोड. अशा गड्याचं आपण काय करतो? रान दाखवतो, बांध दाखवतो, आपल्याकडं कशाला काय म्हणतात ते सांगतो, आठ-पंधरा दिवस मागं उभं राहून काम बघतो. आणि कोठाराची किल्ली कमरेलाच ठेवतो. माझं आवाहन एवढंच आहे, फक्त त्यातला शिकवायचा भाग आपण कोणीच करत नाही आणि किल्ली मात्र पहिल्याच दिवशी देऊन बसतो.

आता शिकवायचं म्हणजे काय? यंत्र मराठी शिकलं ते शाळेत जाऊन नव्हे. आपण इंटरनेटवर जे जे मराठीत लिहून ठेवलं, त्याच्या राशीच्या राशी वाचून शिकलं. मग ते आपण लिहिलं किती, हा प्रश्न येतो. मराठी विकिपीडिया २००३ साली सुरू झाला. आज तिथं लाखाच्या आसपास लेख आहेत, इंग्रजीत सत्तर लाखांच्या वर. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे आठ कोटी तीस लाख होते. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा जाहीर झाला, आपण पेढे वाटले, ते योग्यच. पण तो दर्जा जुन्या ग्रंथांच्या आणि शिलालेखांच्या जोरावर मिळाला. यंत्राला शिलालेखाचं कौतुक नाही. त्याला कालपरवाचा, रोजचा, ढीगभर मजकूर लागतो, आणि तो ज्या गोष्टींचा आहे त्याच गोष्टी त्याला नीट येतात. राजकारण येतं, राशिभविष्य येतं, क्रिकेट येतं. भिगवणला उजनीच्या पाण्यावर हिवाळ्यात जे फ्लेमिंगो उतरतात, त्यांना मराठीत रोहित म्हणतात. ‘रोहित कधी येतात’ असं विचारून बघा, यंत्राला आधी फलंदाज आठवण्याची शक्यताच जास्त. आणि तिथल्या कोळ्याच्या जाळ्यात रोज येणारी चिलापी, तिच्याविषयी मराठीत कोण किती लिहितो?

मी स्वतः या बाबतीत गुन्हेगार आहे, ते आधी कबूल करतो. धंदा सुरू केला तेव्हापासून सात-आठ वर्षं मी जे टाइप केलं, प्रश्नपत्रिका, सोसायटीचे अहवाल, लग्नपत्रिका, एका निवृत्त गुरुजींनी आईकडून उतरवून घेतलेल्या जात्यावरच्या ओव्या, ते सगळं तेव्हाच्या जुन्या फॉन्टमध्ये. त्या फॉन्टची गंमत अशी होती की पडद्यावर ‘क’ दिसायचा, पण संगणकाच्या पोटात तिथं इंग्रजी अक्षरच असायचं, वर नुसता मराठीचा मुखवटा. संगणक बदलला, फॉन्ट गेला, मुखवटा गळाला. आता त्या ओव्यांच्या जागी डॉलरच्या खुणा, कंस आणि स्वल्पविराम दिसतात. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून जागा आहे. मी तिकडं वळायला धंद्यातली सात-आठ वर्षं घालवली, का तर सवय मोडवत नव्हती. गुरुजी आता नाहीत. त्यांची वही घरी कुणाला सापडत नाही. ज्यांच्या कपाटात अशा जुन्या सीड्या पडल्या असतील त्यांनी त्या आजच काढाव्यात. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये नेणारी साधनं मिळतात, थोडी शुद्धलेखनाची मेहनत पडते, पण मजकूर जिवंत होतो.

आणि युनिकोड आलं म्हणजे सगळं सुरळीत, असंही नाही. आपल्या बारामती-इंदापूर या दोन तालुक्यांत सगळ्यात जास्त लागणारा शब्द घ्या, शेतकऱ्यांना. त्यातला तो अर्धा ‘र’ आडवा, पापणीसारखा. मोबाइलवर घाईनं टाइप केलं की रफार वर चढतो आणि ‘शेतकर्यांना’ होतं, जे वाचताना दर्यावर्दी वाटतं. बरोबर दिसणारी अक्षरंही आतून दोन तऱ्हांनी लिहिलेली असतात. डोळ्याला दोन्ही सारखी, पण शोधणाऱ्या यंत्राला ते दोन निरनिराळे शब्द वाटू शकतात. म्हणजे योजनेची माहिती एका तऱ्हेनं लिहिलेली, आणि तुम्ही शोधताय दुसऱ्या तऱ्हेनं. माहिती असते, सापडत नाही. याच बारामतीत कवी मोरोपंत राहिले. एकशेआठ रामायणं त्यांच्या नावावर सांगतात, त्यात एक निरोष्ठ रामायण, ओठाला ओठ न लावता म्हणता येईल असं, प-फ-ब-भ-म टाळून रचलेलं. ज्या गावात एका माणसानं अक्षरांवर एवढी हुकूमत मिळवली, तिथं आपल्याला एक पापणीचा र जपता येऊ नये? कीबोर्डवर ‘ऱ’ आहे, बहुतेक कीबोर्डांत ‘र’ दाबून धरला की दिसतो. एकदा शोधून ठेवा.

त्याहून सोपी गोष्ट. ग्रामपंचायत, शाळा, दूध संस्था, पतसंस्था, साखर कारखान्याचं शेतकी खातं, सगळ्यांना हात जोडून सांगणं आहे. सूचना कागदावर लिहून, त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकता, ते थांबवा. फोटोतलं अक्षर नुसतं चित्र असतं. उद्या कोणी शोधलं तर हाती लागत नाही, यंत्राला त्यातून शिकायला मिळत नाही, आणि ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांच्या फोनमधलं वाचून दाखवणारं साधन तिथं बहुधा मुकं होतं. आमच्या ओळखीचा एक अंध मुलगा कॉलेजात आहे. सगळा अभ्यास तो कानानं करतो. त्याला विचारलं, सगळ्यात जास्त त्रास कशाचा? म्हणाला, "वेळापत्रकाचा. प्रत्येक वेळी फोटो पाठवतात." फोटो हवा तर पाठवा, पण खाली चार ओळी टाइप करा. टाइप करायला होत नसेल तर बोला. मराठीत बोलून टाइप करायची सोय गूगलनं २०१७ मध्ये आणली, ती आता बऱ्यापैकी ऐकते. फक्त आकडे तपासून घ्या. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत आपलीच माणसं गडबडतात, मग त्याची काय कथा. दीड, अडीच, पावणेतीन बोललात तर काय उमटलं ते आधी वाचा, मग पाठवा.

इथं जरा मागं जातो. १९९८ साली वारणानगरच्या आसपास सत्तर गावांत संगणक बसवले गेले, वायर्ड व्हिलेज म्हणून त्याचा देशभर गाजावाजा झाला. पुढं दिसलं ते असं की लोकांनी तो संगणक मुख्यतः उसाचं वजन, खताची उचल, बिल अशा रोजच्या हिशेबासाठी वापरला. मग काही गावांत संगणक बाजूला ठेवून तीच माहिती साध्या फोनवर एसएमएसनं द्यायचा प्रयोग झाला. मला त्यातून एक कळतं. माणसाला यंत्र आवडतं ते त्याच्या रोजच्या कामाच्या भाषेत बोललं तर. आणि त्या एसएमएसचीही एक मेख सांगतो, कारण ती कुणी सांगत नाही. इंग्रजीत एका एसएमएसमध्ये एकशेसाठ अक्षरं मावतात, देवनागरीत सत्तर, त्यातही काना-मात्रा-वेलांटी वेगळी मोजली जाते. म्हणजे मराठीत पाठवायचं तर खर्च दुप्पट-तिप्पट. इतकी वर्षं आपल्याला बँकेचे आणि योजनांचे निरोप इंग्रजीत किंवा इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत का यायचे, त्याचं एक कारण हेही. मराठीचा दुस्वास नव्हता, हिशेब होता.

आता ऊस पुन्हा बातमीत आहे तो आपल्या बारामतीमुळं. ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनं मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या साथीनं उसात कृत्रिम बुद्धिमत्ता आणली. उपग्रह, रानात रोवलेले सेन्सर, हवामान केंद्र, आणि शेतकऱ्याच्या मोबाइलवर सूचना. २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टचे सत्या नडेला यांनी जगापुढं त्याचा दाखला दिला. चांगलंच आहे. पण सूचना शेवटी भाषेतून येते आणि उसाची भाषा पुस्तकी नाही. आडसाली, सुरू, खोडवा, निडवा, पाचट, बुडखे, वाढे, वापसा. वापसा या एका शब्दाला इंग्रजीत अख्खं वाक्य लागेल. हाताच्या मुठीत माती दाबली तर गोळा होतो, सोडली तर फुटतो, पायाला चिकटत नाही, ती अवस्था.

मी मुद्दाम एका मदतनीस ॲपला विचारलं, खोडव्याला पहारीनं खत कधी द्यायचं? त्यानं खोडवा म्हणजे झाडाचं खोड असं धरलं आणि बुंध्याभोवती खत पसरायचा सल्ला दिला, तोही इतक्या नम्रपणे की राग येईना. मग मी लिहिलं, ऊस तुटून गेल्यावर त्याच बुडख्यांना जे नवे फुटवे येतात, त्या पिकाला आमच्याकडं खोडवा म्हणतात, पहार म्हणजे जमिनीत भोक पाडायचा लोखंडी दांडा. त्याबरोबर गडी ताळ्यावर आला. पाचट जाळू नका, सरीत दाबा, बुडखे जमिनीलगत छाटा, इथपर्यंत नीट सांगत गेला. तेव्हा विचारताना आपला शब्द सोडू नका, शब्दाबरोबर त्याचा अर्थही सांगा. उत्तर पटलं तरी खताची पिशवी फोडण्याआधी माळेगावच्या कृषी विज्ञान केंद्राला किंवा सहाय्यक कृषी अधिकाऱ्याला एक फोन करा.

पण हे मी माझ्या फोनवर शिकवलं, ते दुसऱ्याच्या फोनवर पोचेलच असं नाही. उघड्यावर लिहिलेलं सगळ्यांपर्यंत पोचतं. म्हणून ज्याला जे येतं ते त्यानं लिहावं. तुमच्या गावावर विकिपीडियात लेख आहे का बघा. बहुतेक गावांवर दोन ओळी आहेत, लोकसंख्या आणि तालुका. नीरा-नरसिंहपूरला नीरा आणि भीमेचा संगम आहे, वालचंदनगरला एक उजाड माळ कारखान्यानं कसा बदलला ते सांगणारी म्हातारी माणसं अजून आहेत, उजनीत गावं गेली त्यांच्या जुन्या वाड्यांची नावं कुणाकुणाला पाठ आहेत. हे कुठल्या यंत्राला माहीत असणार? शाळेतल्या मुलांना एका दिवाळीच्या सुट्टीत एवढंच काम द्या, आजीला पाच शब्द विचारायचे जे पुस्तकात नाहीत, आणि त्यांचा अर्थ देवनागरीत टाइप करून शाळेच्या पानावर टाकायचा. बारामतीत विद्या प्रतिष्ठानची वसुंधरा वाहिनी आहे, रेडिओवर गावची माणसं आपल्या बोलीत बोलतात. अशी रेकॉर्डिंगं ज्या कुणाकडं असतील त्यांनी ती पुसू नयेत. आज ती फक्त जागा खातायत असं वाटेल.

ज्याला लिहायचा कंटाळा आहे त्यानं आवाज द्यावा. केंद्र सरकारचं भाषिणी हे भाषांतराचं व्यासपीठ जुलै २०२२ मध्ये सुरू झालं, त्यात भाषादान नावाची सोय आहे. पडद्यावर वाक्य येतं, ते तुम्ही वाचायचं. किंवा दुसऱ्याचं वाचलेलं ऐकून बरोबर की चूक ते सांगायचं. मोझिलाच्या कॉमन व्हॉइसमध्येही मराठीला जागा आहे. पुण्या-मुंबईच्या तरुण आवाजांवरच यंत्राचा कान तयार झाला तर इंदापूरच्या बाजारात बोलणारी आजी त्याला कळायची कशी? विशेष करून बायकांनी आणि साठीच्या पुढच्या माणसांनी दहा-दहा वाक्यं वाचावीत. हे काम दूध घालून आल्यावर चहा होईपर्यंत होतं.

आता विद्यार्थ्यांकडं येतो, कारण खरी घाई त्यांची आहे. २०२० मध्ये ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ म्हणत आपण सगळे मोबाइलच्या शाळेत ढकलले गेलो. ज्यांच्या घरी फोन नव्हता त्यांना सह्याद्रीवरची टिलीमिली मालिका तरी होती. त्याच्या आधीच भीमेपलीकडं माढा तालुक्यातल्या परितेवाडीत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड आणला होता, पुढं बालभारतीच्या पुस्तकांत तो सगळीकडं आला. म्हणजे चांगली, तपासलेली, मराठीतली सामग्री हातातल्या पुस्तकावरच छापलेली आहे. पण पोरं तो चौकोन सोडून आधी दुसरीकडं शोधतात. आधी कोड स्कॅन करा. पुस्तक हरवलं असेल तर ई-बालभारतीवरून फुकट उतरवून घ्या.

त्या अकरावीच्या मुलीला मी एक वही घालून दिली, तीच इतरांना सांगतो. पानावर तीन रकाने. डावीकडं इंग्रजी शब्द, कारण आता तिचं पुस्तक इंग्रजी आहे. मध्ये बालभारतीचा मराठी शब्द, रेझिस्टन्सला रोध, डेन्सिटीला घनता, टिश्यूला ऊती. उजवीकडं घरच्या भाषेत स्वतःचं वाक्य. यंत्राला विचारताना आधी सांगायचं, ‘महाराष्ट्राच्या दहावीच्या मराठी पुस्तकातले शब्द वापर’. मग हिंदीतून आलेली घनत्व आणि कोशिका बरीच कमी होतात. मधल्या रकान्याशी जुळलं नाही तर यंत्राचं चूक, पुस्तकाचं बरोबर, असं धरून चालायचं. यंत्रानं सोडवलेलं गणित हातानं परत सोडवायचं. आणि तिसरा रकाना यंत्राकडून भरून घ्यायचा नाही. तिनं रोधासमोर लिहिलं होतं, ‘पाटात गवत माजलं की पाणी अडतं तसं’. हे तिच्या आधी कुणी लिहिलं असेल-नसेल, पण ते तिला आता विसरायचं नाही.

पालकांनी एवढं करावं की मुलांच्या नावानं कुठल्याही ॲपवर खातं उघडताना शेजारी बसावं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते असं आहे. संमती म्हणजे मुलानं तुमच्या फोनवरून दाबलेलं बटण नव्हे. आधार कार्ड, मार्कलिस्ट, सातबारा यांचे फोटो ‘समजावून सांग’ म्हणून कुठल्याही मदतनिसाला देऊ नका. नाव, नंबर झाकून प्रश्न विचारता येतो.

एक गोष्ट मात्र आपल्या कुणाच्या यादीतच नसते. दिवाळीनंतर उसाच्या फडात तोडणीच्या टोळ्या येतात, त्यांच्याबरोबर पोरं येतात. कुणाच्या घरी गोरमाटी, कुणाच्या घरी पारधी बोली. त्यांना आपली मराठीच परकी, यंत्राची मराठी तर त्याहून लांब. त्यांच्या बोलीतलं यंत्र लवकर येईल असं मला वाटत नाही. तोवर त्यांच्या कोपीवर, झोपडीवर जाऊन बोलणारा माणूसच लागेल, आणि तो कुठल्या ॲपमध्ये मिळत नाही.

यंत्रानं कागद लिहून दिला तर सही करण्याआधी एक शब्द नक्की बघा. इंग्रजीत ‘वी’ एकच. आपल्याकडं आपण आणि आम्ही. पाण्याच्या सोसायटीची एक नोटीस इंग्रजीतून मराठी होऊन माझ्याकडं आली, ‘मोटर दुरुस्तीचा खर्च आम्ही करू’. म्हणजे संचालक करणार. मूळ बैठकीत ठरलं होतं, आपण करू. एका शब्दानं खर्च इकडचा तिकडं झाला होता. वाचून बघितलं म्हणून पुढची भांडणं टळली.

आता किल्लीचं. आजवर मोडकी मराठी ही आपली राखण होती. ‘प्रिय ग्राहक, आपला विज आज रात्री कट होईल’ असं आलं की शहाणा माणूस हसून पुसून टाकायचा. ती राखण आता उठली. जे यंत्र तुमच्या मुलीला मराठीत भौतिकशास्त्र समजावतं, तेच चोराला सुरेख मराठी लिहून देतं, आणि थोडा आवाज मिळाला की त्या आवाजात बोलूनही दाखवतं. आवाज दान केल्यानं चोरी होईल का, असं मला विचारतात. चोराला त्यासाठी भाषादान धुंडाळायची गरज नाही, तुमच्या नातवाच्या रील पुरतात. लग्नाची पत्रिका म्हणून एपीके, म्हणजे ॲप बसवणारी फाइल येते, ती उघडली की फोन दुसऱ्याच्या हातात जातो. पत्रिका फोटो असते किंवा पीडीएफ, एपीके कधीच नसते. पोलीस व्हिडिओ कॉलवर कुणाला अटक करत नाहीत. पैसे गेलेच तर लाज न बाळगता लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या नंबरला फोन करा, पहिल्या तासात पैसे अडवता येण्याची आशा जास्त असते. वेबसाइटचे पत्ते २०१४ पासून देवनागरीतही मिळतात, शेवटी ‘.भारत’ असतं. ते आपलंच आहे, वापरावं, पण घ आणि ध बारीक पडद्यावर जुळी भावंडं दिसतात, तेव्हा निरोपातल्या पत्त्यावर न दाबता स्वतः टाइप करा.

आणि घरात एक परवलीचा शब्द ठरवा. मुलगा, सून, नातू, कुणाच्याही आवाजात घाबराघुबरा फोन आला, ॲक्सिडेंट झालाय, पैसे पाठवा, तर आधी तो शब्द विचारायचा. नाही आला तर फोन ठेवून आपल्याकडच्या नंबरवर परत लावायचा. शब्द फोनवर लिहायचा नाही, ग्रुपवर टाकायचा नाही, फक्त समोरासमोर, तोंडी.

परवा निमगाव केतकीचे एक आजोबा नातवाला घेऊन आले होते, हयातीच्या दाखल्यासाठी. त्यांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, शब्द कसला ठेवायचा? नातवानं दोन-तीन सुचवले, देवाचं नाव, गावाचं नाव. आजोबांनी मान हलवली. हे कुणालाही सुचेल म्हणाले. मग थोडा वेळ बाहेर रस्त्याकडं बघत बसले. शेवटी नातवाला जवळ ओढून म्हणाले, माझ्या बापाच्या दावणीला जो पहिला बैल आला, बहात्तरच्या दुष्काळात तो छावणीत गेला, त्याचं नाव तुला ठाऊक नाही. आणि त्याच्या कानात सांगितलं. पोरगं हसलं, पुन्हा विचारलं, पुन्हा सांगितलं. दुकान लहान आहे, मलाही ऐकू आलं. इथं लिहीत नाही.